पद्मिनी घेऊन कन्याकुमारीला: कोल्हापुरातून चॅरिटी रॅलीला निघण्याची पूर्ण तयारी

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक आली की सगळ्या गर्दीच्या माना तिकडं वळतात. जुन्या गाडीचं वेड कोल्हापूरला नवं नाही. पण राजघराण्याच्या मेबॅकची गोष्ट वेगळी आणि दारात ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी वेगळी. हा लेख दुसऱ्या गाडीच्या मालकासाठी आहे. ती गाडी नीट तयार करायची, तीन राज्यांतून कन्याकुमारीपर्यंत न्यायची आणि त्या निमित्तानं एखाद्या चांगल्या संस्थेसाठी पैसे उभे करायचे, हे साध्या माणसाला जमण्यासारखं काम आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या मंगोल रॅलीत लोक मुद्दाम छोट्या इंजिनाच्या गाड्या घेऊन युरोपातून मंगोलियाकडं निघायचे आणि प्रत्येक टीम समाजकार्यासाठी पैसे जमवायची. आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही. कोल्हापूर ते कन्याकुमारी साधारण १,३०० किलोमीटर आहे आणि जुन्या गाडीची परीक्षा घ्यायला तेवढं अंतर भरपूर झालं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. लोक पैसे देतात ते तुम्ही पोहोचणार या भरवशावर. त्यामुळं या कामात रंग, क्रोम आणि सीट कव्हरवर खर्च करण्यात अर्थ नाही. जी वस्तू बिघडली की गाडी रस्त्यात उभी राहते, आधी पैसा तिथं जाऊ द्या. उरलाच तर पॉलिशचं बघता येईल.

आधी पैशाचा हिशोब, मग गाडीचा

लोक सहसा गाडीपासून सुरुवात करतात. मी म्हणतो, संस्थेपासून करा. कोल्हापूर वर्गणीचं गाव आहे. तालीम मंडळांची पावती पुस्तकं इथं घरोघरी फिरतात, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ आणि करवीरच्या गावांसाठी इथल्या लोकांनी हात आखडता घेतला नाही. असं गाव पैसे पटकन देतं आणि हिशोबही तेवढाच चोख मागतं.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली हवी. तिच्याकडं आयकराच्या ८०जीची मान्यता आहे का बघा, ऑडिट झालेला ताजा अहवाल मागा आणि प्रत्यक्ष जाऊन काम बघून या. तिथं जे दिसेल तेच तुम्ही पुढं लोकांना सांगणार आहात. मग संस्थेकडून एक पत्र घ्या: अमुक व्यक्ती अमुक काळात आमच्यासाठी रॅली करत आहे, देणग्या थेट आमच्या खात्यात घेतल्या जातील.

'थेट खात्यात' हा शब्द महत्त्वाचा. स्वतःच्या खात्यात किंवा मित्रांच्या ग्रुपच्या खात्यात पैसे घेऊ नका. संस्थेचा क्यूआर कोड छापा, पावती संस्थेनंच द्यावी. तुम्ही स्वतः किंवा नोंदणी नसलेला ग्रुप म्हणून पैसे गोळा करणार असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१-क लागू होतं. गणेश मंडळं वर्गणीसाठी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी काढतात ती याच कलमाखाली. संस्थेच्या खात्यात थेट पैसे गेले की ही सगळी गुंतागुंत टळते.

देणगीदारांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. रोख दोन हजारांच्या वर दिलं तर ८०जीची सवलत मिळत नाही. सवलत हवी असेल तर पॅन द्यावा लागेल, म्हणजे संस्थेला १०बीई प्रमाणपत्र देता येईल. आणि ही सवलत जुन्या करप्रणालीत रिटर्न भरणाऱ्यांनाच आहे. परदेशातला भाचा किंवा मेव्हणा परकी चलनात पैसे पाठवतो म्हणाला, तर संस्थेची एफसीआरए नोंदणी (परदेशातून देणगी घ्यायला लागणारी) आहे का ते आधी विचारा. नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखानदाराला सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून, मदत करायची असेल, तर संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो.

पैसे मागायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे किलोमीटरमागं एक रुपया. माणसाला हिशोब लगेच कळतो: गाडी पोहोचली तर १,३०० रुपये. शंभर माणसं तयार झाली की १ लाख ३० हजार होतात. शाळेतली पोरं मिळून किलोमीटरमागं एक रुपया देतात, एखादा फौंड्रीवाला शंभर देतो. पेट्रोल, टोल, लॉज आणि स्पेअर पार्टचा खर्च मात्र पूर्ण आपल्या खिशातून करा. देणगीतला एकही रुपया गाडीच्या टाकीत जाता कामा नये आणि हे पहिल्याच पत्रकात छापून टाका. कुणाला पेट्रोलचाच खर्च उचलायचा असेल तर त्याचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा.

कागदपत्रं

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची. आरसीवरची तारीख आजच बघा; अनेक जुन्या गाड्यांची मुदत मालकाच्या नकळत संपलेली असते. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली फियाट असेल तर २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेत विंटेज नोंदणी करता येते. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांनाच बाहेर काढता येते. नेहमी गाडी फिरवायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

पीयूसी, विमा, फास्टॅग आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट हे सगळं हवंच. विम्याची पॉलिसी नीट वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नसतं. म्हणून आपल्या रॅलीत वेळ मोजणं, नंबर काढणं, बक्षीस देणं असं काही ठेवू नका आणि हा साधा प्रवास आहे हे विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवा. पुढं कधी उत्तरेकडं जायचा विचार आला तर दिल्ली-एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, तेव्हा तो भाग वगळूनच रस्ता आखा.

गाडीचं काम: तीन महिने आधी

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागं पाटे, गिअर स्टेअरिंगजवळ. मुळात ही फियाट ११००. प्रीमियर कंपनी ती मुंबईत कुर्ल्याला बनवायची आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. साधी रचना हाच हिचा मोठा गुण आहे. रस्त्याकडेला दोन पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर असला तरी बरंच काही करता येतं.

आपलं नशीब म्हणजे शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. हेड फेसिंग, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ड्रम टर्निंग, एखादा बुश लेथवर नवा करून घेणं, हे सगळं एका गल्लीत होतं. स्पेअरसाठी पुण्याचं नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, त्यामुळं चांगले पार्ट आता मिळतील तेव्हा घेऊन ठेवावेत.

थंडावा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा जोरात तापलं की वाकतं. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, नुसतं पाण्याने धुऊन भागत नाही. वॉटर पंपाच्या सीलमधून थेंब येत असेल तर पंप आत्ताच काढा. सगळे होज पाइप आणि क्लिपा नव्या टाका. थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी सवय आहे, ती मला पटत नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का बघा, उघडत असेल तर परत बसवा. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेलंय. त्या अवस्थेत गाडी कागलच्या पुढंसुद्धा नेऊ नका.

पेट्रोल. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं इथेनॉलमुळं फुगतात किंवा भेगाळतात. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून टाकी उतरवून साफ करा, इथेनॉलला टिकणारे पाइप घाला, टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर बसवा आणि तसे दोन फिल्टर सोबत ठेवा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. पन्नास किलोमीटर चालवून प्लग काढून बघा: बिस्किटी रंग असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट एक नंबर मोठा लावून परत बघा. गाडी उभी करून ठेवायची असेल तर टाकीत हे पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका. ते हवेतलं पाणी ओढतं.

ठिणगी. इथं जरा सविस्तर सांगतो, कारण पद्मिनी रस्त्यात बंद पडली की निम्म्या वेळा कारण डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) टोपीखाली सापडतं. टोपी आणि रोटर काढा. इंजिन हँडलने हळूहळू फिरवा, कॅमचा कोपरा पॉइंटच्या (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काच्या) टाचेखाली आला की पॉइंट पूर्ण उघडतो. तिथं थांबा. पॉइंटचा स्क्रू जरासा सैल करून ०.४० मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) मध्ये सरकवा. गेज ओढताना हलका अडथळा जाणवला पाहिजे, अडकायला नको आणि सैलही सुटायला नको. स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना प्लेट हटकून सरकते. मग कोरा कागद पेट्रोलात भिजवून पॉइंटमधून ओढून काढा म्हणजे गेजवरचं तेल निघतं. कॅमवर बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावा, जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं. हे काम टीममधल्या दोघांनाही अंधारात, टॉर्चच्या उजेडात करता यायला हवं. घरी सराव करा.

पॉइंटला जळू न देणाऱ्या कंडेन्सरची गोष्ट वेगळी. नव्या कंडेन्सरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नवा बसवून दोनेकशे किलोमीटर चालवा, टिकला तर तो गाडीत राहू द्या आणि आधीचा चांगला चालणारा स्पेअरमध्ये ठेवा. सोबत नेलेला प्रत्येक इलेक्ट्रिक पार्ट आधी याच गाडीवर चालवून बघितलेला असावा.

ब्रेक आणि चाकं. चारही व्हील सिलिंडरचे किट, मास्टर सिलिंडर आणि रबरी ब्रेक होज नवे. ब्रेक ऑइल पूर्ण बदला. जुन्या तेलात पाणी मुरलेलं असतं आणि घाटात ते उकळलं की पेडल तळाला जातं. किंगपिनमध्ये (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यात) खेळ असेल तर किट बदलून घ्या, ग्रीसचे निप्पल मोकळे करा. बेअरिंग धुऊन, बघून, नवं ग्रीस भरून बसवा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षांवर गेलेला टायर नक्षी कितीही चांगली असली तरी लांबच्या प्रवासाला नको.

वायरिंग. फ्यूजबॉक्सच्या पट्ट्या घासून चकचकीत करा, इंजिन आणि बॉडीची अर्थ वायर नवी टाका, हेडलाइटला रिले लावा म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून जात नाही. डायनॅमोची गाडी असेल तर रात्रीचा प्रवास मुळातच टाळा. पुढच्या सीटला पट्टे नसतील तर लावून घ्या. आग विझवायचं सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताला येईल असं बसवा, डिकीत सामानाखाली ठेवलं तर उपयोग नाही.

डिकीत काय न्यायचं

पॉइंट, कंडेन्सर, रोटर, टोपी, कॉइल, प्लगचा एक संच. पेट्रोल पंपाचं किट, कार्ब्युरेटरचं किट, पेट्रोलचा पाइप आणि क्लिपा. फॅनबेल्ट दोन, रेडिएटरचे दोन्ही होज, हेड गॅस्केट, वॉटर पंप. व्हील सिलिंडरची किटं, पुढचं एक बेअरिंग, दोन ट्यूब. फ्यूज, बल्ब, क्लच वायर, ॲक्सिलरेटरची वायर. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, पाण्याचा कॅन, एम-सील, बाइंडिंग वायर, टेप, टो करायचा दोर, सूचना त्रिकोण. गिअरबॉक्स नेऊ नका. वजन वाढतं, मागचे पाटे बसतात आणि गिअरबॉक्स रस्त्याकडेला कोणी उतरवत नाही.

तीन चाचण्या

काम झालं म्हणजे गाडी तयार झाली असं समजू नका. पहिल्यांदा पन्हाळ्याला जा, वाघबीळचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, भर दुपारी, दोन माणसं आणि पूर्ण सामान घेऊन. तापमानाचा काटा कुठं थांबतो ते लिहून ठेवा. दुसऱ्यांदा गगनबावड्याला जाऊन करूळ घाट उतरा, फोंड्यावरून राधानगरीमार्गे वर या. उतार संपल्यावर थांबून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग आवळलं गेलंय. तिसरी चाचणी सोलापूरची, जाऊन येऊन दोन दिवस. तिथला सपाट, तापलेला रस्ता घाटापेक्षा कठीण परीक्षा घेतो, कारण इंजिन तासन् तास एकाच वेगात चालत राहतं. तिन्ही चाचण्यांत काहीही न बिघडता गाडी परत आली तरच तारीख जाहीर करा.

तारीख आणि रस्ता

पावसाळा नको हे उघड आहे. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. त्यानंतर मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाच्या यात्रेकरूंची गर्दी दक्षिणेच्या रस्त्यांवर आणि लॉजवर असते, मग पोंगल. म्हणून मला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात योग्य वाटतो. देणग्याही त्याच आर्थिक वर्षात बसतात.

पण फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडं उसाचा गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला. निपाणीपासून पुढं बेळगाव जिल्ह्यातही तेच. पहाटेच्या अंधारात निघायचा मोह टाळा. नीट उजाडल्यावर तावडे हॉटेलजवळ हायवेला लागायचं आणि सूर्य मावळायच्या आत लॉजवर गाडी लावायची.

दिवस असे पाडा. पहिल्या दिवशी कोगनोळी, तवंदी घाट, बेळगाव करत हुबळी, साधारण २०० किलोमीटर. हा दिवस मुद्दाम छोटा ठेवायचा, कारण तयारीत राहून गेलेलं सगळं याच दिवशी समोर येतं आणि तेव्हा कोल्हापूर अजून जवळ असतं. दुसऱ्या दिवशी दावणगेरेवरून चित्रदुर्ग. तिसऱ्या दिवशी तुमकूर आणि बेंगळुरू पार करून कृष्णगिरी. बेंगळुरूच्या शहरात शिरू नका, तुमकूर रोडवरून नाइस रोडने थेट होसूर रोडला निघा. चौथ्या दिवशी सेलमवरून दिंडीगल. या दिवशी धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूर घाट लागतो. उतार लांब आहे, ट्रक भरपूर आणि अपघातांसाठी तो बदनाम आहे. घाट सुरू व्हायच्या आधी थांबा, ब्रेक गार होऊ द्या आणि तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. पाचव्या दिवशी मदुराईवरून तिरुनेलवेली. सहाव्या दिवशी कन्याकुमारी जेमतेम ८५ किलोमीटर राहतं, दुपारच्या आधी पोहोचता.

रस्त्यावर

वेग साठ ते सत्तर. चाळीस हॉर्सपॉवरच्या गाडीला त्याहून जास्त मागू नका. हायवेवर डाव्या लेनमध्ये राहा, मागून येणारा ट्रक जाऊ द्या. दर दीड तासाने थांबून बॉनेट उघडा, बेल्ट, ऑइल, पाणी आणि चाकांची गरमी बघा. काट्यावर विसंबू नका, टाकी अर्ध्यावर आली की पेट्रोल भरा. एक वही ठेवा: किलोमीटर, पेट्रोल, ऑइल किती लागलं, काय आवळलं. ऑइल रोज थोडं जास्त जास्त लागू लागलं तर ते वहीत दिसतं, डोळ्यांना दिसत नाही.

दुपारी ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर गाडी अडखळून बंद पडली आणि स्टार्टर मारूनही उठत नसेल, तर घाबरून सगळं उघडत बसू नका. बहुतेक वेळा तो व्हेपर लॉक असतो: पाइपात पेट्रोलची वाफ झाली आणि पंप ओढेनासा झाला. बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपवर ओला फडका ठेवा, वीसेक मिनिटं सावलीत बसा. पाइप सायलेन्सरच्या नळीपासून लांबून नेलेला असेल तर हा प्रकार बराच कमी होतो. टाकीजवळ बॅकअप म्हणून छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर स्विच दाबून पुढं निघता.

इंजिन तापलं तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, हात भाजतो. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. थांबा, गार होऊ द्या.

गाडी दोन-तीन असतील तर फार उत्तम. एकट्याने जायचं असेल तर किमान एक जोडीदार असा घ्या ज्याला गाडीही चालवता येते आणि पानाही धरता येतो. रोज संध्याकाळी देणगीदारांना एक फोटो, आजचे किलोमीटर आणि आजपर्यंत जमलेली रक्कम कळवा. वाटेतल्या गावांतही लोक गाडी बघायला जमतात. त्यांना संस्थेच्या कामाचं पत्रक द्या. कर्नाटक आणि तमिळनाडूसाठी ते कन्नड, तमिळ आणि इंग्रजीत छापून घेतलेलं बरं. पैसे द्यायचे म्हणाले तर क्यूआर कोड दाखवा, नोट हातात घेऊ नका.

परतीचा प्रवास तुमचा आणि गाडीचा आहे, तो आरामात करा किंवा गाडी ट्रकवरून आणा, त्यात काही कमीपणा नाही. घरी आल्यावर इंजिन ऑइल बदला, ब्रेक उघडून बघा, वहीत लिहिलेली सगळी कामं मिस्त्रीला वाचून दाखवा. आणि पंधरा दिवसांच्या आत संस्थेकडून बँक स्टेटमेंटप्रमाणं हिशोब घ्या: किती जणांनी दिले, एकूण किती आले, त्यातून काय होणार आहे. तो प्रत्येक देणगीदाराला पाठवा, मिळून किलोमीटरमागं एक रुपया देणाऱ्या शाळेतल्या पोरांनासुद्धा. ८०जीची १०बीई प्रमाणपत्रं संस्था आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देते. तोपर्यंत देणगीदारांची यादी आणि पॅन तपासून संस्थेकडं पोहोचले आहेत ना, हे बघणं तुमचंच काम आहे.